उपरण्याखालचा भाव

आमच्या संस्थेत शिकवायला बायका, रांधायला बायका, आजारी मुलींच्या उशाशी बसायला बायका, आणि खरेदीला मात्र पुरुष. असं का, हे मी एकदा वार्षिक सभेत उठून विचारलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. माझा स्वभावच तापट. आधी तोंडातून शब्द जातो, मग विचार येतो, आणि तोवर समोरच्याचं तोंड उतरलेलं असतं.

संस्था काही लहानसहान नव्हती. खाडीच्या तोंडाशी विधवांचा आणि अनाथ मुलींचा आश्रम, त्याला लागून दवाखाना, आणि आतल्या गावांना, तळ्याला, म्हसळ्याला, पालीला, मुलींची वसतिगृहं. पैसा मुंबईच्या देणगीदारांचा. पण या सगळ्यांना लागणारा तांदूळ, डाळ, घासलेट, कापड, कौलं, सगळं आमच्या एका कोठीतून जायचं. माल कोणाकडून घ्यायचा, काय भावाने, केव्हा पोचवायचा आणि नाही पोचवला तर त्या मक्तेदाराचं काय करायचं, हे ठरवणारा तो कोठीचा कारभारी. जुने कारभारी डोळ्यांनी अधू झाले आणि मुलाकडे मुंबईला निघून गेले. जागा रिकामी होती.

सेक्रेटरीसाहेब मुंबईचे वकील. माणूस सज्जन, पण दर वाक्याला ‘कायद्याने’ म्हणायची सवय. माझा प्रश्न ऐकून चष्मा पुसत म्हणाले, “मग बाई, तुम्हीच का नाही करत?”

सभा हसली. मी म्हटलं, “करते की!”

झालं! आता माघार घ्यायची सोय उरली नाही. साहेबांनी तिथल्या तिथे अट घातली. पावसाळ्याचा तांदूळ समुद्र बंद व्हायच्या आत कोठीत येऊन पडला, तर जागा कायमची माझी. नाही पडला तर मुंबईहून माणूस येणार.

आमच्याकडे ज्येष्ठ लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारून टाकत. मग नारळी पौर्णिमेपर्यंत ना आगबोट, ना मचवा. आत जायचे गाडीरस्ते चिखलात बुडत. तेव्हा जो काही दाणा घरात यायचा तो त्याच्या आधी यायचा, नाहीतर सगळ्या मुलींनी काय खायचं?

आणि मी कुठे जायचं? संस्थेचा नियम असा की शिकून झालं की बाईने नोकरी धरायची आणि आपली खोली पुढच्या बाईला द्यायची. माझं शिक्षण संपलं होतं. घर म्हणजे दिराचं घर. त्यांचं पत्र येऊन पडलं होतं, की जाऊबाईंना दिवस गेलेत, हाताखाली माणूस हवं, तरी निघून यावं. हाताखाली माणूस! पाटावरवंटा हवाय असं लिहिलं असतं तरी मला चाललं असतं. त्या घरात मी नवरा गेल्यावर काही वर्षं काढली होती. माझ्या हातचं सगळ्यांना चालायचं, मी कुणाला चालत नव्हते. तिथे मला परत जायचं नव्हतं.

तर मी कामाला लागले. संस्थेचा नियम होता, तीन पेढ्यांचे भाव घ्यायचे आणि मग मक्ता द्यायचा. पहिल्या पेढीवर सगळा रंगूनचा तांदूळ. स्वस्त होता, पण त्याचा भात आमच्या मुली ताटात चिवडत बसायच्या. दुसऱ्या पेढीने चांगला कागदावर भाव लिहून दिला, सुबक अक्षरात. नमुना हातात घेतला तर त्यातून किडे चालत बाहेर आले. मी तो नमुना तिथेच त्यांच्या गादीवर ओतला आणि निघाले. तापट म्हटलं ना.

उरली तिसरी पेढी, बंदरावरची. शेठ गुजराती, पण दोन पिढ्या इथेच गेलेल्या. खाऱ्या जमिनीतला लालसर राता तांदूळ तो समुद्राकाठच्या गावांत फिरून उचलायचा आणि मचव्यांनी आणायचा. माल असा की मूठभर हातात घेतला तरी मन निवावं. मी पेढीवर गेले तेव्हा चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. शेठने माझ्या पाठीमागे पाहिलं.

“आवो बेन. कारभारी कुठे राहिले?”

“कारभारी मीच.”

शेठचा पानाचा विडा तोंडाशी जाता जाता थांबला. “तमे?”

“हो, मीच. भाव सांगा.”

आता गंमत अशी की त्या पेढीवर भाव कधी कोणी उच्चारत नसे. शेठ आपलं उपरणं दोघांच्या हातांवर टाकायचा, गिऱ्हाइकाने खाली हात घालायचा आणि बोटांनी सौदा व्हायचा. अमुक बोटं धरली की इतके, अंगठा दाबला की इतके, तळव्यावर घासलं की अर्धा. वर दोघांचे चेहरे अगदी कोरे, खाली बोटांची झटापट. शेजारी बसलेल्याला काही कळायचं नाही, म्हणून प्रत्येकाला आपला वेगळा भाव. जुन्या कारभाऱ्यांचं सगळं आयुष्य त्या उपरण्याखाली गेलं होतं, आणि मला ते कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

शेठ हळूच म्हणाला, “बेन, मोठ्याने कसा सांगू? सगळं बंदर ऐकेल.”

“मग लिहून द्या.”

“सौदा व्हायच्या आधी आमच्यात लिहीत नाहीत. उपरण्याखाली बोटांनीच ठरतं.”

“मग काय मी तुमचा हात धरू?”

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. शेठ कानापर्यंत लाल झाला. त्या काळात एका विधवा बाईने परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा, तोही कापडाखाली, तोही भर बंदरावर! माझं मलाच ऐकून कसंसं झालं. मी ताडकन उठले आणि आश्रमाची वाट धरली. वाटभर पुटपुटत होते, पण राग खरा कुणावर होता ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अक्कल चालवली. आमचा शिपाई जवळच्याच गावचा, अंगाने आडदांड. त्याला बरोबर नेलं आणि शेठला म्हटलं, हा माझा हात समजा. उपरणं पडलं. शिपायाने हात घातला. थोड्या वेळाने शेठच्या चेहऱ्यावर कळ उमटली आणि त्याने हात झटकन बाहेर ओढला. मी शिपायाला बाजूला घेतलं.

“काय झालं?”

“त्यानी माजी बोटा दाबली, बाय. मंग मी बी दाबली.”

“अरे पण किती?”

“जोरात.”

काय बोलणार, कपाळ! शेठ बोटं चोळत होता आणि हसूही आवरत नव्हतं. मलाही हसू फुटलं, पण ते डोळ्यांत पाणी येण्याच्या अलीकडचं. वारा फिरायला लागला होता. कोळीवाड्यात झापं विणायला घेतली होती. आणि मी दिराच्या पत्राला अजून उत्तर लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात पेढीच्या आतल्या दाराच्या पडद्यामागून एक खणखणीत आवाज आला. “ए दीकरी! आत ये.”

त्या शेठच्या आई. सगळे त्यांना बा म्हणत. अंगाने वाळकुड्या, पांढरं लुगडं नेसलेल्या, पुढ्यात भिजवलेल्या वालांचं भगुणं. मी बसले, तशी त्यांनी अर्धे वाल माझ्याकडे सरकवले. मग वाल सोलता सोलता मराठी-गुजरातीच्या खिचडीत म्हणाल्या की त्यांचे यजमान हयात असताना दुकान मिटलं की दिवसाचे सगळे सौदे बांच्या बोटांवर पुन्हा करून दाखवायचे. खेळ म्हणून. “मला सगळ्या खुणा येतात. त्यांच्याशी सौदा केला तर मीच जिंकायची, समजली? पण ते गेले, त्या दिवसापासून या पेढीवर मला कोणी भाव विचारला नाही.”

मग त्यांनी आपला ओला हात लुगड्याला पुसला आणि माझा हात हातात घेतला. “हे बघ, असं धरलं की इतके. अशी चिमटी म्हणजे इतके.”

मी खुणा शिकत होते खऱ्या, पण पहिल्या एक-दोन मला समजल्याच नाहीत. नवरा गेल्यापासून माझा हात कोणी असा हातात घेतला नव्हता. जाऊबाई वस्तू द्यायच्या त्या खाली ठेवून. आश्रमात सगळ्या मायेच्या, पण तिथे कामाचा रगाडा. बांचा हात खरखरीत होता, वालाच्या सालींचा वास येत होता, आणि मला इतकं भरून आलं की मी मान खाली घालून भगुण्यातल्या वालांकडेच बघत राहिले. बांनी ते पाहिलं असणार. त्यांनी मला तीच खूण पुन्हा पुन्हा दाखवली.

मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि तोडगा सांगितला. बा उंबरठ्यावर बसणार. बाहेरच्या बाजूला मुलाच्या उपरण्याखाली एक हात, आतल्या बाजूला माझ्या पदराखाली दुसरा. मुलाचा भाव त्या हातातून या हातात येईल, माझा या हातातून त्या हातात जाईल. कोणी परक्याचा हात धरायला नको आणि कोणी ऐकायलाही नको. शेठने डोकं खाजवलं. आईला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

सौदा सुरू झाला. बा मध्ये बसलेल्या, डोळे मिटून, जपाला बसल्यासारख्या. इकडून दाब आला की मी उलट दाबायचे. भाव सरसर उतरत गेला. मला वाटलं, अगंबाई, हे किती सोपं! शेवटी बांनी माझा पंजा गच्च आवळला. म्हणजे पक्कं. आमच्यात हातावर हात मारतात तसंच ते, त्यातून मागे फिरायचं नाही अशी सगळ्या बंदराची रीत.

मी बरोबर आणलेल्या स्टॅम्पाच्या कागदावर तिथेच करार लिहिला. माल कुठला, किती खंडी, आश्रमाच्या धक्क्यावर केव्हा उतरवायचा, ओला निघाला तर काय, आणि भाव. शेठने तो वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

“बेन, हा भाव मी दिलेला नाही.”

“मला तर हाच मिळाला.”

दोघांनीही बांकडे पाहिलं. बा शांतपणे वाल सोलत होत्या.

“बा!” शेठ ओरडला. “मी हा भाव दिला होता?”

“तू तुझा दिलास. तो मला पटला नाही. मी माझा दिला.”

“पण तुम्ही नुसता इकडचा तिकडे द्यायचा होता!”

“का? मी हमाल आहे?” बा कडाडल्या. “इतक्या वर्षांनी हातात भाव आला, तो नुसता उचलून पलीकडे ठेवू? आणि अनाथ पोरींचा तांदूळ आहे. तुझ्या बापाने याहून जास्त घेतला नसता.”

बाहेर गिऱ्हाइकं कान टवकारून होती. शेठला मागे फिरता येत नव्हतं. हात आईचा असला तरी पेढी त्याचीच, आणि हातावरचा भाव फिरवला असता तर बंदरावर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्याने दौत जवळ ओढली.

खोटं कशाला बोलू, मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. असा भाव जुन्या कारभाऱ्यांनी स्वप्नातसुद्धा आणला नव्हता! सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा मला दिसायला लागला. दिराला लिहायचं पत्रही मनात तयार झालं, चांगलं खोचक.

पण शेठची बोटं टाकावर अडली होती आणि तो कोठाराकडे बघत होता. त्या नजरेने मी भानावर आले. तोट्यात गेलेला माणूस माल कसा देतो, ते मी आश्रमाच्या स्वयंपाकघरात राहून पाहिलं होतं. वर चांगला, खाली भिजका. किंवा आज येतो, उद्या येतो, आणि तोवर होड्या किनाऱ्यावर. करारात मी ओल्या मालाचं कलम घातलं होतं खरं, पण भर श्रावणात त्या कलमाचा भात थोडाच शिजवता येतो? आणि हा मुलगा आज घरी जाऊन या म्हातारीशी कसा बोलणार, तेही मला दिसत होतं. दुसऱ्याच्या घरात तोंड मिटून राहणं म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको होतं.

“थांबा शेठ,” मी म्हटलं. “सही करू नका. बा, हात द्या.”

“शाने?” बांनी विचारलं. कशाला?

“द्या हो!”

पदराखाली मी त्यांच्या हातात भाव चढवला. बांनी डोळे वटारले आणि पुन्हा खाली ओढला. मी चढवला. त्यांनी चिमटा काढला, तो खुणेचा नव्हता, खराखुरा होता. असा सौदा जगात कोणी केला नसेल. घेणारी भाव वर नेतेय आणि विकणाऱ्याची आई खाली ओढतेय! शेठ तोंड उघडं टाकून बघत होता. शेवटी कुठेतरी मध्यावर मी बांचा पंजा गच्च आवळला आणि सोडलाच नाही.

“गांडी छे,” बा म्हणाल्या. वेडी आहे. पण हसल्या.

मी दुसऱ्या कागदावर करार लिहिला. शेठने वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

ही बातमी माझ्याआधी आश्रमात पोचली. आगबोटीने मुंबईलाही गेली. चार-आठ दिवसांत सेक्रेटरीसाहेब स्वतः हजर. कोठीच्या ओसरीवर बसून म्हणाले, “बाई, कायद्याने तुम्हाला कमी भाव मिळालेला होता. तो तुम्ही आपण होऊन वाढवून दिलात. देणगीदारांना मी काय सांगू?”

“तांदूळ आला की सांगा.”

“आणि नाही आला तर?”

तर माझी ट्रंक बांधलेलीच होती. ते मात्र मी बोलले नाही. आभाळाचा रंग पालटला होता. समुद्राचा आवाज जड झाला होता. बरेच मचवे ओढलेही गेले होते. साहेब शेवटच्या आगबोटीने परत निघायचे होते, म्हणजे माझा निकाल लावूनच जाणार. मी रोज सकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहायचे आणि लाज वाटून परत यायचे.

ज्या दिवशी साहेबांचं सामान धक्क्यावर आलं, त्याच दिवशी खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं. एक नव्हे, दोन. सगळा माल एकाच खेपेत यावा म्हणून शेठने ठरलेल्याखेरीज आणखी एक मचवा भाड्याने घेतला होता. पहिल्या मचव्याच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, स्वतः शेठ उभा, उपरणं डोक्याला गुंडाळलेलं, चेहरा समुद्र लागून पांढराफटक पडलेला. मचवा हाकणारा तांडेल खाली उडी मारून म्हणाला, “शेटला सांगत व्हतो, दर्या खवळलाय, उंद्या बघू. आयकतच न्हाय. म्हनं बायला शबुद दिलाय.”

मी गोणीला नमुना काढायची पोकळ सुई मारून तळाचा दाणा काढला, मधला काढला, वरचा काढला. सगळा एकसारखा, कोरडा, लालसर. मी मूठभर तांदूळ सेक्रेटरीसाहेबांच्या हातात ठेवला. त्यांनी तो या हातातून त्या हातात करत बराच वेळ पाहिला.

“कायद्याने,” म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, “पुढच्या वर्षीही इथूनच घ्या, बाई. घासलेटाचा आणि कौलांचा मक्ताही आता तुम्हीच बघा.”

मी वळले आणि कोठीत जाऊन गोणीवर बसून पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि दिराला साधं दोन ओळींचं पत्र लिहिलं. खोचक काही लिहावंसंच वाटलं नाही.

त्यानंतर कितीतरी उन्हाळे मी ती कोठी सांभाळली. पुढे भाव कागदावर लिहून द्यायची पद्धत बंदरावरही आली. शेठही मला दोन ओळींत भाव पाठवू शकला असता. पण वैशाख सरत आला की पेढीवरून निरोप यायचा, बा बोलावतायत. मी गेले की बा उंबरठ्यावर बसलेल्या असायच्या, पुढ्यात वाल, आणि पदर पसरायला जागा केलेली. शेठ बाहेरच्या बाजूने मुकाट हात द्यायचा. त्याचा भाव, बांचा भाव आणि माझा भाव यांत आता फारसं अंतर उरलं नव्हतं, त्यामुळे सौदा चुटकीसरशी होऊन जायचा. शेठचा हात सुटायचा, तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. आतल्या बाजूला बा माझा हात धरून बसायच्या. मीही काढून घ्यायची नाही. वर आम्ही पावसाचं, गुडघेदुखीचं, आश्रमातल्या मुलींचं बोलत असायचो.

बऱ्याच वेळाने शेठ बाहेरून विचारायचा, “बा, बेनचं पत्युं के?” झालं का, म्हणून.

बा माझ्याकडे बघायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, “हजी वार छे.” अजून वेळ आहे.